तुमचं उभं राहायचं राहिलंय

लग्नानंतर पहिल्यांदाच मी माहेरी नांदूरघाटला आले होते. बाजाराचा दिवस होता, बरोबर सासरे होते. भाजीवाल्यांच्या रांगेपलीकडून पांढऱ्या पायजम्यातल्या एका वाळक्या माणसानं मला हात केला. कधी आलीस, बरी आहेस का, असलं काही नाही. गर्दीतून वाट काढत जवळ आले आणि म्हणाले, "तुमचं उभं राहायचं राहिलंय." एवढं बोलून वांगी घ्यायला निघून गेले. लग्नातला एखादा विधी राहिला की काय, असं सासऱ्यांनी वाटेत मला विचारलं. मी हो म्हणाले. तसं पाहिलं तर ते खोटं नव्हतं.

हे आमच्या गावचे फोटोवाले. सगळे त्यांना अप्पा म्हणत. आमच्या लिंगायतांच्या गल्लीत नुसती 'अप्पा' अशी हाक मारली तर दर दुसऱ्या दुकानातून कुणीतरी बाहेर डोकावत असे, म्हणून हे फोटोवाले अप्पा. कपाळाला विभूती, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली, आणि कुणीही समोर आलं की एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायचं, ही त्यांची नमस्काराची पद्धत. बघून झालं की त्या माणसातली चूक सांगायची. "डावा खांदा खाली हाय." "मान पुढं येती." एकदा ते कुणाच्या तरी मयताला गेले होते. तिथून परत येताना माझ्या वडिलांना म्हणाले, माणसं बरीच आली होती, पण एक बी सरळ उभा न्हवता.

त्यांच्या स्टुडिओत पुढं एक खोली, मागं पडदा लावलेली अंधारी खोली, आणि बाहेरच्या अंगाला एक पिवळी भिंत होती. शाळेला रंग दिला तेव्हा उरलेल्या रंगातून ती पिवळी झालेली. तिच्यात एक खुंटी होती आणि खुंटीपासून कोपऱ्यापर्यंत गेलेली एक चीर होती. ही भिंत पुढं गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

गावात केबल आली, एसटीडी बूथ आला, आणि मागोमाग अप्पांचा कॉम्प्युटर आला. तो त्यांनी बीडहून एसटीतून आणला. खोकं खिडकीशेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः नांदूरघाटपर्यंत दांडीला धरून उभे राहिले. कंडक्टरनं विचारलं तर म्हणाले, त्याला सवय न्हाई. बीडमधल्या एका पोरानं त्यांना फोटो जोडायचं सॉफ्टवेअर शिकवलं होतं. एका फोटोतला माणूस कडेकडेनं कातरायचा, दुसऱ्या फोटोवर आणून ठेवायचा, मग कडा मऊ करायच्या आणि पायाखाली सावली घालायची. त्या सॉफ्टवेअरमध्ये आणखीही पुष्कळ बटणं होती. त्यातलं एक त्यांनी सरपंचांच्या फोटोवर दाबून पाहिलं, तर सरपंच तव्यावरच्या लोण्यासारखे वितळले. त्यानंतर बाकीच्या बटणांना त्यांनी हात लावला नाही.

बायकांच्या केसांवर मात्र त्यांचा फार राग. पुरुषाचं डोकं कातरायला सोपं असतं. बाईचे भुरभुरणारे केस एकेक करून कातरावे लागत, आणि तेवढ्यात लाईट जायची. त्या काळी लाईट रोजच जायची. लाईट गेली की पडद्यावरची जोडी जायची. अप्पा बाहेर पायरीवर येऊन बसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, दोघं गेले. नवख्या माणसाला धस्स व्हायचं. गावातल्या पोरींना ते फोटोआधी डोक्याला तेल चोपडून यायला सांगत, ते याच कारणानं.

जोड्याच्या फोटोचं वेड कुणी सुरू केलं ते आता कुणालाच आठवत नाही. आमच्याकडची पोरं पुण्याला कंपनीत, नाहीतर मिल्ट्रीत. मुलगी बघायला यायचं तर रजा मिळत नसे. मुलाचा फोटो यायचा, मुलीचा जायचा, आणि घरातल्या बायका दोन हातांत दोन फोटो धरून अंदाज बांधायच्या. कुणीतरी एकदा ते दोन्ही फोटो अप्पांकडे नेले आणि म्हणालं, हे एकात करा, म्हणजे जोडा कसा दिसतो ते कळंल. ते इतकं लोकांच्या मनात भरलं की पुढंपुढं स्थळ आलं की देणंघेणं बोलायच्या आधी अप्पांकडे जाऊ लागले.

अप्पांच्या अटी होत्या. त्या कुठं लिहून लावलेल्या नव्हत्या, चुकलं की कळायच्या. उंची तोंडी सांगितलेली चालत नसे. डोक्यापासून टाचेपर्यंत दोरा धरायचा, तोडायचा आणि गुंडाळी करून फोटोबरोबर पाठवायचा. आमच्या किराणा दुकानात त्या दिवसांत दोरा चांगला खपायचा. दोन फोटोंत ऊन वेगवेगळ्या बाजूंनी आलेलं असेल तर ते फोटो परत. एखादा म्हणायचा, अप्पा, फोटो उलटा करा, मशीनमध्ये होतं म्हणतात. अप्पा म्हणायचे, मग पदर बी उलट्या खांद्यावर जाईल, तसली सून चालंल का. मिल्ट्रीतल्या एका पोरानं काश्मीरच्या बाजूहून पुन्हापुन्हा फोटो पाठवले. अप्पांनी त्याला अखेर पत्रानं कळवलं की सकाळी उठून पूर्वेला तोंड करावे.

पाठीमागं काय असावं, यावरही वाद व्हायचे. लोकांना धबधबा पाहिजे असायचा, बाग पाहिजे असायची. अप्पा विचारायचे, तिथं गेलते का? समोरचा नाही म्हणायचा. तिथंच विषय संपायचा. पाठीमागं त्यांची पिवळी भिंत, खुंटी आणि चिरेसकट. त्यामुळे आमच्या भागातली एका पिढीची जोडपी एकाच भिंतीपुढं उभी आहेत.

खरी अट शेवटची होती. अप्पांचं म्हणणं असं, की जोडलेला फोटो अजून खोटा आहे. लग्न मोडलं तर तो त्यांना परत आणून द्यायचा, ते फाडून टाकणार. लग्न झालं तर दोघांनी येऊन त्या भिंतीपुढं, फोटोत होते तसंच उभं राहायचं, म्हणजे तो खरा झाला. पोरी नव्या साड्या नेसून, पावडर लावून यायच्या. अप्पा कॅमेरा बाहेरसुद्धा काढायचे नाहीत. एक डोळा मिटून बघायचे, "बरोबर" म्हणायचे आणि आत जायचे. पोरी हिरमुसून घरी जायच्या. जे उभे राहायला आले नाहीत, त्यांच्यामागं मात्र ते बाजारातून, एसटी स्टँडवरून, कडेवर पोर आलं तरी लागायचे.

आता माझं सांगते. मी उंच आहे. दुकानातल्या वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागत नसे, यापलीकडे त्या उंचीचा मला काही उपयोग झाला नव्हता. दोन-तीन ठिकाणांहून नकार आला. मग शिरूर कासारच्या एका कापडवाल्यांचं स्थळ आलं. मुलगा माझ्यापेक्षाही उंच. अप्पांनी आमचा जोडा तयार केला आणि तो खरंच चांगला दिसत होता. तो त्यांच्याकडे पाठवला. काही दिवसांनी निरोप आला की पोरगी अंगावर येती, नको. मुलाच्या आत्याचं म्हणणं असं होतं म्हणे. झालं ते झालं, पण फोटो काही परत आला नाही. आधी पाठवतो म्हणाले, मग सापडत नाही म्हणाले. अप्पा दर बाजारी आमच्या दुकानापुढं थांबून विचारायचे, आला का. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, जाऊ द्या हो अप्पा, कागद तो.

पुढं बीडचं स्थळ आलं. मुलगा कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायचा. फोटो आला, दोरा आला. फोटोतला चेहरा मला आवडला होता, आणि हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच सुमारास मावशी एका लग्नाहून आली ती पांढरीफटक होऊन. तिथं शिरूरच्या त्या आत्यानं पिशवीतून आमचा फोटो काढून बायकांत फिरवला होता. ही पोरगी आमच्या पोराशेजारी उभी राहून फोटो काढून बसली आणि आम्हीच मोडलं, असं सांगत होती.

आज हे वाचणाऱ्याला वाटेल, त्यात काय. पण तेव्हा आमच्याकडे कुणाला असं सांगून पटलं नसतं, की तो मुलगा आणि मी एकमेकांसमोरसुद्धा आलो नव्हतो. फोटोत दिसतंय ना, खांद्याला खांदा लावून, आणि तेही माझ्याच गावातल्या भिंतीपुढं. तो फोटो बीडला पोचला असता तर हे स्थळ गेलंच असतं, पुढचंही गेलं असतं, आणि माझ्या पाठीवर धाकटी बहीण होती. आईनं जेवण टाकलं. दादा दुकानात बसून रिकाम्या तागडीकडे बघत राहायचे. मला अप्पांचा, त्यांच्या कॉम्प्युटरचा आणि त्या भिंतीचा मनापासून राग आला होता.

आई अप्पांकडे गेली आणि काय बोलायचं ते बोलली. अप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, फोटो माझा हाय, मीच आणतो.

दुसऱ्या दिवशी ते आणि दादा बीडला गाडी बदलून शिरूरला गेले. तिथं काय झालं ते दादा पुढं कितीतरी वर्षं सांगायचे. कापडवाल्यांच्या घरी पाहुणे आलेले होते. त्यांच्या मुलाचं दुसरीकडे जुळत होतं आणि मुलीकडचे लोक आत चहा घेत होते. मुलाचे वडील बाहेर ओट्यावरच आडवे आले. फोटो सापडत नाही, नंतर या, असं हळू आवाजात म्हणाले. अप्पा ओट्यावर मांडी घालून बसले.

"न सापडंना का. मंग पोराला आमच्यासंगं पाठवा," ते म्हणाले. "उभं राहायचंय."

"कुणासंगं?"

"फोटोत जी हाय तिच्यासंगं. फोटो ठिवायचा तर तो खरा केला पायजे. चारची गाडी हाय."

अप्पांनी आवाज चढवला नव्हता, पण त्यांचा नेहमीचा आवाजच फोटोसाठी गर्दी उभी करून करून मोठा झालेला. आत कपबशांचा आवाज थांबला. पाहुणे ऐकतायत हे अप्पांना माहीत होतं की नव्हतं, यावर दादांचं शेवटपर्यंत मत ठरलं नाही. मला विचाराल तर माहीत नसावं. त्यांना खरंच मुलाला गाडीत घालून न्यायचं होतं. थोड्या वेळानं मुलाची आई बाहेर आली. पदराखालून फोटो काढून तिनं दादांच्या हातात दिला आणि म्हणाली, "पोरगी मला पसंत व्हती. म्हणून ठिवला व्हता. वन्सं घेऊन हिंडतील असं वाटलं न्हाई." एवढं बोलून ती आत गेली. तिच्याबद्दल मला कधीच राग वाटला नाही.

फोटो गावात आला तेव्हा मी तो चुलीत घालायला मागितला. अप्पांनी दिला नाही. बीडचा मुलगा येणार आहे, त्याला दाखवायचा, म्हणाले. दादांनी हात जोडले, आईनं तर त्यांना वेडं ठरवलं. अप्पांची अडचण वेगळीच होती. माझे केस त्यांनी एकदाच, जन्माचा वैताग करून कातरले होते, आणि नव्या फोटोत तीच कातरलेली मी ते वापरणार होते. "तीच पोरगी उचलून याच्याशेजारी ठिवणार हाय मी," ते दादांना म्हणाले. "त्याला म्हाईत नको?"

मुलगा अप्पांच्या स्टुडिओत आला, मामाला घेऊन आला. इस्त्रीचा शर्ट, जाड टाचांचे बूट. मी आणि आई मागच्या अंधाऱ्या खोलीत पडद्याआड. अप्पांनी चहा यायची वाट बघितली नाही. मुलाला खुर्चीत बसवलं आणि शिरूरचा फोटो त्याच्यापुढं ठेवला. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं दोन दिवस तिथं वळ होता. मामा खाकरले. मुलानं फोटो उचलून उजेडाकडे धरला.

"हे दोघं शेजारी उभे नव्हते?"

"न्हाई. हा शिरूरला, ही इथं. मधी मी."

"मग जोड कुठाय? दिसत नाही."

अप्पांनी गल्ल्यातून कात्री काढली. आम्हाला त्या फोटोत जोड कधी दिसली नव्हती, पण त्यांची कात्री न अडखळता वरून निघाली, माझ्या खांद्यापाशी वळली, पदराच्या काठाकाठानं खाली उतरली आणि दोन माणसं वेगळी झाली. दोघांच्याही पाठीशी थोडीथोडी पिवळी भिंत राहिली. मुलाचा तुकडा त्यांनी पाकिटात घातला, शिरूरला पाठवायला. माझा तुकडा घ्यायला बीडच्या मुलानं हात पुढं केला होता. अप्पा म्हणाले, "अजून तुमची न्हाई," आणि तो दादांना दिला.

मुलानं हात मागं घेतला. बूट खुर्चीखाली ओढून घेतले आणि खाली बघत म्हणाला, "माझी काही हरकत नाही." पुढं एक अक्षर विचारलं नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. पडद्याआड मी रडले. मला वाटलं, किती मोठ्या मनाचा माणूस आहे. आणि लाजाळू.

आमचा जोडा अप्पांनी आठ दिवसांत केला. त्यात हे माझ्यापेक्षा बोटभर उंच आहेत. दोघंही पिवळ्या भिंतीपुढं उभे, उजव्या हाताला खुंटी, आणि चीर बरोबर आमच्या मधून वर गेलेली. आईनं तो गल्लीभर दाखवला.

लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा आम्ही दोघं अनवाणी समोरासमोर उभे होतो, आणि माझी नजर सरळ यांच्या डोळ्यांवर न जाता टोपीच्या काठावर गेली. मीच दोन बोटं उंच. फार नाही, पण दोरा तो दोरा. यांनी माझ्याकडे बघितलं, मी अक्षतांकडे बघितलं. लाजेनं पाय खुर्चीखाली जात नसतात, हे मला तेव्हा कळलं.

या विषयावर आम्ही काही वर्षं बोललो नाही. पण बाजारात अप्पांनी हटकलं, की हे बीडला जायची घाई करायचे. कधी क्लासच्या परीक्षा, कधी एसटीचा संप, कधी नुसतंच पोट दुखायचं. अखेर एका दिवाळीला यांनी आपणहून सांगितलं. दोरा धरताना सासूबाईंनी बूट काढायला सांगितले नव्हते, आणि यांनीही काढले नव्हते. मी म्हटलं, मग जाऊन सांगून टाका. तर म्हणाले, "खोटा फोटो ते बाहेर राहू देत नाहीत. परत मागतील." आणि भिंतीवरच्या फोटोकडे बघत बसले.

मी हसले खरी, पण मलाही तो द्यायचा नव्हता. आमच्या लग्नाचा अल्बम बीडच्या एका स्टुडिओनं केला होता. त्यात पहिल्या पानावर आमची तोंडं एका सफरचंदात आहेत, पुढच्या पानावर हे गुलाबातून उगवले आहेत, आणि एका पानावर मी यांच्या तळहातावर उभी आहे. आम्ही दोघं माणसांसारखे दिसतो असा त्या काळातला एकच फोटो आमच्याकडे आहे, आणि त्यात आम्ही एकत्र नव्हतोच. तरी तो माझा जीव की प्राण आहे. भांडण झालं की मी त्याच्याकडे बघते, आणि हेही बघतात.

मग रस्ता रुंद व्हायचं निघालं. अप्पांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर आमच्या घरी निरोप पाठवला, भिंत जाणार हाय, या. आता पोट दुखून भागणार नव्हतं.

गेलो तर शेजारचा एसटीडी बूथ आधीच पडला होता आणि भिंतीवर चुन्याची रेघ मारलेली होती. अप्पा फार थकले होते. एक डोळा मिटून बघायची त्यांची जुनी सवय, आता मोतीबिंदूनं तो डोळा तसाही कामाचा राहिला नव्हता. त्यांनी आमची चौकशी केली नाही. मला खुंटीच्या बाजूला उभं केलं, यांना माझ्या डावीकडे सरकवलं आणि म्हणाले, "चपला काढा. दोरा टाचंपासून असतो."

यांचा चेहरा उतरला. चपला काढून आम्ही उभे राहिलो. मला यांची फार दया आली. मी साडीच्या आत हळूच एक गुडघा वाकवला. नेमकं तेव्हाच हे शेजारी वर वर चालल्यासारखे वाटले. खाली बघितलं तर चवड्यांवर उभे.

अप्पा बघत राहिले. मागं रस्त्यावर मशीन धडधडत होतं.

"बाई, गुडघा सरळ करा," ते म्हणाले. "आन् सर, तुमी टाचा टेका."

आम्ही सरळ झालो. होतो तेवढे झालो. अप्पा आता फोटो मागणार, म्हणून मी मनातल्या मनात घरच्या भिंतीवरचा फोटो काढून त्यांच्या हातात देऊनही टाकला.

"दोऱ्याच्या खालच्या टोकाला बुटाचं पालिश व्हतं, सर," अप्पा म्हणाले.

यांनी विचारलं, "म्हणजे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमी तरी त्या दिवशी शिरूरचा फोटो बघून कुठं काय बोलले?"

एवढं म्हणून अप्पांनी चांगला डोळा आमच्यावर धरला, वरून खालपर्यंत एकदा नीट बघून घेतलं, "बरोबर" म्हणाले आणि आत गेले.